भिंगरीचा रविवार

९ जानेवारी, शुक्रवार

आपल्या घरात एका परक्या बाईला दिवसरात्र कामाला ठेवून घेणं बरोबर आहे का? मला उत्तर येत नाही. कॉलेजात येत होतं. दुसऱ्या वर्षाला याच विषयावर मी वादविवाद स्पर्धेत सात मिनिटं बोलले होते. "जिची ड्युटी कधी संपतच नाही, ती नोकर नसते, कैदी असते" या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या आणि दुसऱ्या क्रमांकाचा कप मिळाला होता. त्या कपात आई चमचे ठेवते.

सोमवारी आईला हॉस्पिटलातून सोडणार. खुब्याचं ऑपरेशन नीट झालंय, पण तीन महिने तिनं एकटीनं उठायचं नाही, वाकायचं नाही, बाथरूमला जाताना कोणीतरी धरायचं. "चोवीस तास माणूस हवं," असं डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. माणूस म्हणजे मी. आणि मी तर सकाळी आठला घर सोडते. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद असतो ना, तो छापणाऱ्या छापखान्यात मी मुद्रितं तपासते. सहा महिने परीक्षेवर आहे. कायम करायचं की नाही ते एप्रिलअखेर ठरणार. रजा सगळी हॉस्पिटलात संपली. आई पडली त्या दिवसापासून घरात कमावणारी मी एकटी.

मामा म्हणाला, "राहती बाई ठेव. डोकं धरून बसण्यासारखं त्यात काय आहे?"

आई हॉस्पिटलच्या कॉटवरून म्हणाली, "मला बाई? अरे, मीच बाई आहे."

बावीस वर्षं तिनं लोकांची घरं झाडली. त्यातली पहिली सहा वर्षं एका बंगल्यात राहून. तेव्हा मी मामा-मामीकडे होते. या घरात पहिली पदवी आली ती अशी. आता त्या पदवीवाल्या मुलीनं आईसाठी बाई ठेवायची. हे कोणालाच विचित्र वाटत नाहीये. मामा तर म्हणाला, "चांगलंच आहे. हिला माहितीये बाईकडून काम कसं करून घ्यायचं ते."

११ जानेवारी, रविवार

तिघी येऊन गेल्या. तिघींना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, मग प्रश्न विचारले. मामा शेजारी बसून पाय हलवत होता.

पहिली म्हणाली, शौचाचं भांडं उचलणार नाही. स्पष्ट बोलली ते आवडलं, पण उपयोग नव्हता.

दुसरी चांगली होती. मोठे हात, शांत आवाज, आजारी माणसांची सवय. मामानं मान डोलवायला सुरुवातही केली होती. एवढ्यात ती म्हणाली, "मला पुढंमागं कोणी नाही. सुट्टी नको, काही नको. बारा महिने इथंच पडून राहीन." माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे ही आमच्या घरातून कधी बाहेर पडणारच नाही! मी तिला नीट समजावून सांगितलं, की आम्हाला असं माणूस ठेवायचं नाही. जिला स्वतःचं घर आहे, सुट्टीला जायला जागा आहे, तिलाच ठेवायचं असं मी तत्त्व म्हणून ठरवलंय. ती पाणी पूर्ण प्याली आणि गेली.

"अगं, तिला घर नाही म्हणून तर ती तुझ्या घरात राहायला आली होती!" मामा म्हणाला.

मी म्हटलं, तेच तर.

तिसरी तोवर दाराबाहेर पायरीवर बसून होती. पन्नाशीची, चणीनं लहान. आत आली ती तुरुतुरु. मी तोंड उघडायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, मुलगा आहे, सून आहे, पुलापलीकडे स्वतःचं घर आहे. "आणि रविवार मी सोडणार नाही हं. आधीच सांगते. रविवारी मला घरी जायचं म्हणजे जायचं."

मला इतकं बरं वाटलं! आपल्या हक्काची जाण असलेली बाई. नातवंडं किती, असं सहज विचारलं.

"दोन," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे एक. दुसरं व्हायचंय."

तिलाच ठेवली.

१३ जानेवारी, मंगळवार

आई काल घरी आली. पहिल्या तासाभरातच तिनं नव्या बाईचं नाव भिंगरी ठेवलं. मी रागावले. माणसाला असं नाव ठेवतात का? तर ती बाईच म्हणाली, "असू दे की. मागच्या घरी मला 'ए' म्हणायचे."

मावशी म्हणायचं नाही हे माझं ठरलेलं होतं. नातं लावून काम फुकटात काढून घ्यायची ती जुनी युक्ती आहे. मग काय म्हणू, असं तिलाच विचारलं. "काहीही म्हणा, हाक ऐकू आली म्हणजे झालं." ती मला मॅडम म्हणायला लागली, त्याला मी मनाई केली. मग मी अकरा नियम लिहून फ्रिजवर चिकटवले, आणि संध्याकाळपासून ती मला मास्तरीणबाई म्हणते आहे. आई यावर तोंडाला पदर लावून हसली. हॉस्पिटलातून आल्यावर पहिल्यांदाच.

नियम तिच्या भल्यासाठीच आहेत. दुपारी दोन ते चार सक्तीची विश्रांती. जेवण सगळ्यांनी एका टेबलावर, एकाच वेळी. उरलंसुरलं कोणी खायचं नाही. रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सात पूर्ण सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे घराबाहेर, नाहीतर "आलेच आहे तर एवढं करते" असं होत जातं. हा मुद्दा माझ्या भाषणातही होता.

तिची गादी पुढच्या खोलीत आईच्या कॉटशेजारी घातली आहे. दुसरी जागा नाही. स्वयंपाकघर आहे, आणि माझी खोली आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

वैताग आला आहे.

दुपारी अडीचला मी ऑफिसातून घरी फोन करते, भिंगरी खरंच विश्रांती घेते आहे ना ते बघायला. रोज तीच उचलते. "झोपला नाहीत?" म्हटलं, तर म्हणते, "झोपले होते की." आता झोपली असती तर पहिल्या घंटीला फोन उचलला असता का? आई तिच्याकडून काहीतरी करून घेत असणार. संध्याकाळी आईला झापलं. आई म्हणाली, "उद्या फोन करू नकोस, म्हणजे झोपेल." काय संबंध?

आणि टेबल. टेबलावर भिंगरी खुर्चीच्या टोकावर बसते, एवढासा भात घेते, माझ्याआधी उठते. मी म्हटलं, संकोच करू नका, आपण सगळे सारखे आहोत. ती म्हणाली, "सारखे आहोत हो. पण जेवताना मला पाय पसरून बसायला लागतं." नंतर मी हात धुवायला गेले तर ही स्वयंपाकघरात जमिनीवर पाय पसरून दुसऱ्यांदा जेवत होती, भातात कालची भाजी कालवून. माझ्या घरात! नियम चार आणि नियम पाच, एकाच वेळी.

१८ जानेवारी, रविवार

भिंगरीची पहिली सुट्टी. सकाळी आठच्या आधीच पिशवी घेऊन दाराशी उभी होती. आई म्हणाली, "थंडी आहे, शाल घे." मी म्हटलं, अगं, ती स्वतःच्या घरी चाललीय, शाल काय करायचीय?

दिवसभर मी आईला उठवलं, बसवलं, पुसलं, धरून नेलं. दुपारी अडीचला माझी कंबर मोडली होती आणि मला कोणाचाही फोन आला नाही. भिंगरी हे सहा दिवस करते. सातव्या दिवशी तिला तिच्या माणसांत पाठवणारी मी, याचं समाधान वाटलं.

ठीक सातला आली. सात वाजायला पाच मिनिटं असताना मी खिडकीतून पाहिलं, तर ती कोपऱ्यावर दिव्याखाली उभी होती. वेळ पाळायची इतकी शिस्त! कपड्यांना फिनेलचा वास येत होता. सून स्वच्छ दिसते.

विचारलं, कसा गेला दिवस? "छान. बसून होते नुसती."

बघा. सुट्टी अशी हवी.

२९ जानेवारी, गुरुवार

आज मुद्रितात माझ्याकडून चूक सुटली. 'दिवसातून दोनदा' हवं तिथे 'दिवसातून दहादा' छापलं गेलं होतं आणि मी त्यावर सही केली होती. आमच्या मुख्य तपासनीस बाईंना मशीनवर जायच्या आधी दिसलं म्हणून निभावलं. त्या ओरडल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, "तू काय लिहायला हवं ते वाचतेस. काय लिहिलंय ते वाच." पुढं म्हणाल्या की पुन्हा असं झालं तर एप्रिलात त्यांना माझ्यासाठी काही बोलता येणार नाही.

घरी आले तर आई आणि भिंगरी काहीतरी कुजबुजत होत्या. मी आत येताच गप्प. पूर्वी मी आणि आई गप्प व्हायचो, मामी आत आली की.

भिंगरी नसती तर मी आज घरीच बसलेली असते, हे मला कळतं. तिचं माझ्यावाचून अडत नाही, माझं तिच्यावाचून अडतं. मग तिला जास्तीत जास्त काय देता येईल? विचार करते आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

सुचलं. दर पंधरा दिवसांनी शनिवारी संध्याकाळपासून रविवारी संध्याकाळपर्यंत सुट्टी. म्हणजे रात्रीची मुक्कामाची. नातवंडाला कुशीत घेऊन झोपता येईल तिला.

आज सातला ती आल्या आल्या सांगितलं. तिचा चेहरा पडला.

"रात्रीची कशाला? रात्री आईंना कोण बघेल?"

"मी बघेन. तो तुमचा हक्क आहे."

"मला नको आहे हो हक्क."

"तुम्हाला नको असं वाटतं, कारण आजवर कोणी दिला नाही."

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, आणि आईचा वॉकर पुसायला लागली. तो स्वच्छच होता.

आई म्हणाली, "तिला नको असेल तर?"

"आई, लोकांनी तिला तशी सवय लावून ठेवलीय."

"आणि तू आता कुठली लावतेस?"

आईला हल्ली माझं काहीच पटत नाही. फ्रिजवरच्या कागदावर बारावा नियम लिहून त्याखाली आजची तारीख घातली.

१५ फेब्रुवारी, रविवार

काल संध्याकाळी सहाला भिंगरी गेली, आज सातला आली. डोळे लाल, आवाज बसलेला. लहान मूल घरात असलं की झोप होत नाहीच. आईनं तिला जवळ बोलावून कपाळाला हात लावला. तिला ताप होता. मी म्हटलं, मुलाचं घर ओलीचं आहे का? तसं असेल तर आपण त्याच्याशी बोलू. ती घाईघाईनं नाही नाही म्हणाली.

आईनं तिला स्वतःच्या कॉटवर पडायला सांगितलं आणि ती पडली. मी बघतच राहिले. आई खुर्चीत, बाई कॉटवर, आणि चहा मी करतेय. माझ्या तत्त्वांप्रमाणे यात काही चूक नाही, पण मला राग आला. तो का आला, ते लिहायला हवं. मी दिलेली कुठलीच गोष्ट तिनं अशी घेतली नाही. आईनं दिलेली मात्र लगेच घेतली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

खोकला अजून आहे. काल मी म्हटलं, येत्या रविवारी मुलाला इकडेच बोलवा, मी भेटेन. तर म्हणाली, तो गावाला गेलाय. सूनही. घरही बंद आहे. "मग रविवारी जाऊ नका," मी म्हटलं. भिंगरीनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी तिला लॉटरीचं तिकीट दिलं. पण लगेच माझ्या लक्षात आलं, की मीच नियम मोडायला लागले तर मग राहिलं काय? एकदा सवलत घेतली की सुट्टी कायमची जाते. म्हटलं, बहिणीकडे जा, मैत्रिणीकडे जा, बागेत जा. मोकळं व्हा जरा.

"बरं," ती म्हणाली.

आईनं अंगावरची शाल काढून तिच्या हातात दिली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काय लिहू? आधी झालं ते लिहिते.

आज आईच्या एक्स-रेची तारीख होती. मी अर्धा दिवस सुट्टी मागून घेतली. तिघी टॅक्सीनं हॉस्पिटलात गेलो. मोठ्या दाराशी सिक्युरिटीची बाई बसते. तिनं भिंगरीला पाहिलं आणि ओळखीचं हसली.

"काय मावशी, आज वार चुकला का? तुम्ही तर रविवारवाल्या."

भिंगरीनं मान खाली घातली. ती बाई मग माझ्याकडं वळली. "तुम्ही मुलगी का सून? जरा लक्ष द्या की यांच्याकडं. दर रविवारी सकाळपासून केसपेपरच्या खिडकीसमोर बाकावर बसलेल्या असतात. मध्ये एकदा तर शनिवारची अख्खी रात्र बायकांच्या वॉर्डाबाहेर काढली. मी उठवणार होते, मग म्हटलं कोणाचं तरी जास्त असेल. कोण आहे तुमचं आत?"

आत कोणी नव्हतं. पुलापलीकडेही कोणी नाही. मुलगा नाही, सून नाही, एक नातू नाही आणि दुसरा व्हायचा नाही.

एक्स-रे काढला, टॅक्सी केली. घरी आल्यावर म्हटलं, "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"बोलले."

"का?"

"तुम्ही त्या बाईला कशी घालवलीत ते मी पायरीवरून ऐकलं होतं."

मी म्हटलं, "पण मी हे सगळं तुमच्यासाठीच—"

"माझ्यासाठी?" भिंगरीचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "सहा दिवस मला छप्पर असतं, मास्तरीणबाई. सातव्या दिवशी तुम्ही मला घराबाहेर काढता, आणि वर विचारता, दिवस कसा गेला? कसा जाणार? तिथं पंखा आहे, पाणी आहे, बायकांची मोरी आहे, म्हणून तिथं बसते. बागेतून शिपाई उठवतो. देवळात बसले तर लोक हातावर नाणं ठेवतात!"

मी आईकडे पाहिलं. "तुला माहीत होतं."

"पहिल्या रविवारपासून. मला शपथ घातली होती तिनं."

"मग मला आडून तरी सांगायचंस!"

"दोनदा सांगितलं. तू मला हक्क शिकवलेस." आई वॉकर पुढं ढकलून खुर्चीत नीट बसली आणि मग माझ्याकडे न बघता बोलली. "बंगल्यात मला महिन्यातून एक रविवार सुटायचा, तोही अर्धा. दोन बस बदलून यायचे. तू मामीच्या मागं लपायचीस. तू माझ्याजवळ यायला लागायचीस तोवर परतीची बस असायची. ही जी सुट्टी तू भिंगरीला देतेस ना, ती माझी आहे. मला हवी होती ती, तेव्हा. हिला काय करायचीय?"

मला मामीच्या मागं लपल्याचं आठवत नाही. बिस्किटांचा एक पुडा आठवतो. तो मामाच आणायचा, असं मात्र मी आजवर समजत होते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "खोटं बोलून घरात शिरलेली बाई. आजच्या आज काढ. जिला जायला जागा नाही, ती नंतर हलवता येत नाही. लोक असल्या बायका ठेवत नाहीत ते उगाच नाही."

"मीही ठेवली नव्हती, दुसरीला," मी म्हटलं.

"तेच सांगतोय, तेव्हा शहाणी होतीस."

मामा जे भीतीनं म्हणतो तेच मी तत्त्वानं म्हणत होते, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. पायरीवर बसून ऐकणाऱ्या बाईला दोन्ही सारखंच ऐकू येणार.

त्या दुसऱ्या बाईला शोधावं असं वाटलं. तिचा नंबर मी लिहून घेतला नव्हता. तिचा चेहराही धड आठवत नाही, फक्त हात.

आणि तरीही मला भिंगरीचा राग येतोय. सहा आठवडे मी मूर्ख ठरत होते, त्या दोघींना ते दिसत होतं, आणि त्या कुजबुजत होत्या.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी फ्रिजवरचा कागद काढला आणि भिंगरीसमोर बसले. ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, "तुम्हाला काय हवंय?"

"कशात?"

"इथे राहण्यात."

तिनं आणखी दोन देठ मोडले. मग सांगायला लागली, पण ते उत्तर नव्हतं. आधी एका म्हाताऱ्या आजींकडे ती नऊ वर्षं होती, त्यांच्याच खोलीत गादी घालून. डिसेंबरात त्या याच हॉस्पिटलात वारल्या. त्यांना पोचवून ती घरी आली तर त्यांचा मुलगा कुलूप घेऊन दारात उभा होता. वाईट माणूस नव्हता. तिची पिशवी नीट भरून बाहेर ठेवली होती, घड्या घालून. "माझी आतली कापडंसुद्धा त्यानं घडी करून ठेवली होती," ती म्हणाली. "त्याचीच लाज वाटली जास्त."

भाजी निवडून झाली. देठ गोळा करता करता म्हणाली, "नऊ वर्षं आणि त्याआधी सात. सोळा वर्षं मी कोणाच्या तरी कॉटशेजारी झोपतेय. त्यांनी कूस बदलली की मला जाग येते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला दार हवंय. आतून कडी लागेल असं."

या घरात आतून कडी लागणारी दारं दोनच. एक बाथरूमचं. दुसरं माझं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पडदा आणला. जाड, निळा. ऑफिसातून येताना सळई आणि खिळेही आणले. पुढच्या खोलीत तिच्या गादीभोवती लावला तर छान आडोसा होतो.

भिंगरीनं पडदा हाताळून पाहिला. "कापड चांगलं आहे," म्हणाली.

"पण?"

"पण काही नाही. पडद्याला कडी नसते एवढंच."

आई खोकल्याचं निमित्त करून हसली. मी हातोडी आपटली.

खरं लिहायचं तर, मला खोली द्यायची नाही. मी दहावीत असताना आईनं स्वयंपाकघराची मागची बाजू फळ्या मारून वेगळी काढली. सुतारानं काय बनवायचंय विचारलं तर म्हणाली होती, "अभ्यास." आमच्या सगळ्या नात्यात एकट्या माणसाची खोली अशी ती पहिलीच. तिथे मी पदवी मिळवली. तिथे बसून ते सात मिनिटांचं भाषण पाठ केलं, दाराला कडी लावून.

आणि दुसरी भीती. भिंगरी आत झोपली तर रात्री आईजवळ मी. रात्री तीनतीनदा उठायचं आणि सकाळी मुद्रितं वाचायची. एप्रिलअखेर दोन महिन्यांवर आलीय. आणखी एक 'दहादा' सुटलं की संपलं.

आईला विचारलं, काय करू? ती म्हणाली, "मला विचारू नकोस. मी ज्या घरात राहिले तिथं मला जिन्याखालची जागा होती. मला तीही आवडायची."

१ मार्च, रविवार

खोली दिली. काल दुपारीच.

मामाला सामान हलवायला बोलावलं होतं. तो येताना तोंड वाकडं करूनच आला. "मालकीण बाहेर आणि बाई आत. वा! उद्या ती तुला सुट्टी देईल." तरी कपाट त्यानंच उचललं. माझं अभ्यासाचं टेबल काही केल्या दारातून निघेना. ते खोलीच्या आत जोडलेलं, हे सुतार गेल्यावर कोणाच्या लक्षात राहणार? शेवटी ते तिथेच राहिलं. माझे कपडे आईच्या कॉटखाली दोन खोक्यांत आले आहेत.

रात्री दहा ते सकाळी सहा आईचं सगळं मी बघायचं, असं ठरलंय. ऑफिसातल्या मुख्य तपासनीस बाईंना काल सकाळीच फोन करून खरं कारण सांगितलं, आणि महिनाभर माझ्या प्रत्येक मुद्रितावर दुसरी नजर असावी अशी विनंती केली. त्या म्हणाल्या, "हे तुझ्या नोकरीच्या कागदावर लिहावं लागेल." म्हटलं, लिहा.

भिंगरीनं आभार मानले नाहीत. खोलीत उभी राहून तिनं कडी दोनदा लावून काढून पाहिली आणि म्हणाली, "अडकते. तेल घाला." मी तेल घातलं.

आज सकाळी चहा झाल्यावर ती आत गेली आणि दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला, तसं आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

नऊ वाजता आईला वेणी घालून हवी होती. भिंगरीच घालते रोज.

"हाक मारू का?"

"नाही."

"नुसती विचारते, गंगावन कुठं ठेवलं ते."

"नाही, आई."

वेणी मी घातली. वाकडी झाली. आई दर पाच मिनिटांनी मानेमागं हात नेऊन ती चाचपते आहे आणि सुस्कारा सोडते आहे. दहाला वॉकर, साडेदहाला गोळी, अकराला पुन्हा वॉकर. मध्ये शेजारीण येऊन विचारून गेली, बाई सोडून गेली का? म्हटलं, सुट्टीवर आहे. कुठं गेलीय? म्हटलं, आत.

एक वाजता भिंगरी बाहेर आली, ताट वाढून घेतलं, आमच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि ताट घेऊन आत गेली. पुन्हा कडी. तिचे डोळे झोपेनं सुजले होते. आई हळूच म्हणाली, "पाय पसरून बसली असेल."

माझी कंबर दुखते आहे, चिडचिड होते आहे. राहती बाई ठेवावी की नाही, याचं उत्तर मला अजूनही आलेलं नाही, आणि आता त्यावर कोणी सात मिनिटं बोलायला सांगितलं तर मी दोन मिनिटांतच खाली बसेन. त्यात भर म्हणजे माझी ही वही टेबलाच्या खणात राहिली आहे, आणि टेबल आत. म्हणून हे सगळं आईच्या एक्स-रेच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिते आहे.

दोनदा दारापर्यंत जाऊन आले. वाजवलं नाही.